एका वाक्याचा अपराध

हिंदुस्थान दुसऱ्या महायुद्धात ओढला गेला तो एका जाहीरनाम्याने. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी, प्रांतोप्रांती लोकांनी निवडून दिलेली मंत्रिमंडळे अधिकारावर असताना आणि दिल्लीत मध्यवर्ती कायदेमंडळ अस्तित्वात असताना, त्यांपैकी कोणाचाही सल्ला न घेता, हा देश जर्मनीशी युद्धमान झाला असल्याचे जाहीर केले. आणि त्याच महिन्यात हिंदुस्थान संरक्षण कायदा व त्याखालील नियम अमलात येऊन चाळीस कोटींच्या या खंडप्राय देशातील प्रत्येक माणसाच्या जिभेवर, लेखणीवर आणि पायांवर सरकारी हुकमाची सत्ता प्रस्थापित झाली. या नियमांपैकी सव्विसाव्या नियमाने कोणाही इसमास चौकशीवाचून अटकेत ठेवण्याची मुभा अंमलदारांना दिली. चौतिसाव्या नियमाने ‘विघातक कृत्य’ या सदराखाली कोणकोणत्या गोष्टी मोडतात याची लांबलचक यादी केली. आणि अडतिसाव्या नियमाने असे कृत्य करणारास पाच वर्षांपर्यंत कैदेची तजवीज केली. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न होईल असे बोलणे हे या यादीत होते आणि सैन्यभरतीस वा युद्धनिधीस बाध येईल असे सुचविणे हेही होते. सारांश, युद्ध चांगले की वाईट याविषयी ज्याचे मत सरकारच्या मताशी जुळत नसेल, त्याने ते मत मनात बाळगावे, परंतु चार माणसांत उच्चारू नये, असा या कायद्याचा सरळ अर्थ होता.

युद्धकाळी राज्यसंस्था प्रजेच्या स्वातंत्र्यावर बंधने घालते यात नवे काही नाही, आणि ती सर्वच अन्याय्य असतात असेही नाही. सैन्याच्या हालचालींची वार्ता शत्रूस पोचू नये, दारूगोळ्याचे कारखाने सुरक्षित राहावेत, अफवांनी बाजारपेठ हादरू नये, यासाठी काही निर्बंध कोणतेही सरकार घालील आणि सुज्ञ नागरिक ते निमूटपणे पाळील. प्रश्न असतो तो हद्दीचा. कृतीपर्यंत पोचलेला कायद्याचा हात वाणीपर्यंत पोचावा काय, वाणीपर्यंत पोचलेला सदसद्विवेकबुद्धीपर्यंत पोचावा काय, आणि ज्या प्रजेची संमती कधी विचारलीच गेली नाही तिच्यावर हे निर्बंध लादण्याचा नैतिक अधिकार कोणाचा, हे प्रश्न त्या काळी जगभर विचारले जात होते. परंतु ते जितक्या शुद्ध, निर्लेप आणि काटेकोर स्वरूपात वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात विचारले गेले तितके क्वचितच अन्यत्र विचारले गेले असतील. त्या प्रसंगाची ही हकीकत आहे.

वर्धा हे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतातील एका जिल्ह्याचे ठिकाण. कापसाच्या व्यापारावर वाढलेले हे लहानसे शहर देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले ते शेठ जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे. त्यांच्याच विनंतीवरून गांधीजींनी १९२१ च्या एप्रिल महिन्यात साबरमतीहून विनोबा भावे यांना येथे आश्रम चालविण्यासाठी पाठविले. गांधीजी स्वतः १९३४ मध्ये वर्ध्यास आले, प्रथम मगनवाडीत राहिले आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस जवळच्याच शेगाव या खेड्यात त्यांनी आपले ठाणे हलविले. विदर्भातच दुसरे सुप्रसिद्ध शेगाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई. सबब १९४० मध्ये या खेड्याचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकी वर्ध्यास भरू लागल्या. युद्ध जाहीर झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात कार्यकारिणी येथेच जमली आणि युद्धाचे उद्दिष्ट काय व त्यात हिंदुस्थानचे स्थान कोणते हे स्पष्ट करण्याची मागणी तिने ब्रिटिश सरकारकडे केली. समाधानकारक उत्तर आले नाही. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्यप्रांतातही रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ पायउतार होऊन गव्हर्नरचा एकहाती अंमल सुरू झाला.

पुढील वर्षाचा बराचसा भाग वाटाघाटींत गेला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि युरोपातील लोकशाही राष्ट्रांवर प्राणसंकट ओढवले. त्या वेळी काँग्रेसमधील अनेक थोर पुढारी, स्वातंत्र्याचे वचन मिळाल्यास शस्त्रानिशी साहाय्य करण्यास तयार झाले होते आणि त्यापुरते त्यांनी गांधीजींच्या अहिंसेपासून आपल्याला अलगही करून घेतले होते. परंतु ८ ऑगस्टला व्हाइसरॉयने जी योजना जाहीर केली तिच्यात स्वातंत्र्याचा स्पष्ट उच्चार नव्हता. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने ती नाकारली आणि सप्टेंबरच्या मध्यास मुंबई येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीने पुन्हा एकवार सूत्रे गांधीजींच्या हाती सोपविली.

गांधीजी लढ्याची घोषणा करण्यापूर्वी शिमल्यास गेले. २७ आणि ३० सप्टेंबर या दोन दिवशी त्यांच्या व्हाइसरॉयशी मुलाखती झाल्या. त्यांची मागणी एवढीच होती की, ज्यांना युद्ध हे पातक वाटते त्यांना तसे उघडपणे बोलू द्यावे. लिनलिथगो यांनी दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे, कारण त्यात निव्वळ मुजोरी नव्हती, इंग्रजी कायद्याची एक प्रतिष्ठित परंपरा होती. इंग्लंडात १९१६ च्या सक्तीच्या लष्करभरतीपासूनच सदसद्विवेकबुद्धीने युद्धास नकार देणाऱ्यांना सवलत मिळत असे. दुसऱ्या महायुद्धात तर अशा सुमारे साठ हजार माणसांनी तेथील न्यायमंडळांपुढे आपली नावे नोंदविली. व्हाइसरॉयचे म्हणणे असे की, विलायतेतही अशा माणसास लढण्यातून सूट मिळते आणि आपली श्रद्धा बोलून दाखविण्याची मोकळीक मिळते; परंतु सैनिकांना वा दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांना त्यांच्या कर्तव्यापासून परावृत्त करण्याइतकी मोकळीक त्यासही नसते, आणि हिंदुस्थानात त्याहून अधिक काही देता येणार नाही.

या युक्तिवादातील उणीव गांधीजींनी तत्काळ ओळखली. इंग्लंडातील नागरिकाने आपले सरकार स्वतः निवडले होते. युद्धाचा निर्णय त्याच्या प्रतिनिधींनी घेतला होता आणि त्या निर्णयाचे बंधन त्याच्यावर पडत होते ते या संमतीच्या बळावर. येथील प्रजेची संमती कोणी मागितली नव्हती. ज्याला ‘होय’ म्हणण्याची संधी मिळाली नाही त्याच्या ‘नाही’ला अपराध ठरविणे, हे कायद्याच्या चौकटीत बसले तरी न्यायाच्या चौकटीत बसत नाही. आणि तरीही गांधीजींनी सैनिकांच्या छावण्यांपुढे किंवा कारखान्यांच्या दारांशी प्रचार करण्याचा अधिकार मागितला नाही. सरकारने ओढलेली रेषा त्यांनी अमान्य केली खरी, परंतु तिच्या जागी आपल्या हाताने दुसरी रेषा ओढली, आणि ती अनेक बाबतींत सरकारच्या रेषेहूनही कडक होती.

या स्वेच्छेने पत्करलेल्या निर्बंधांचा तपशील पाहण्यासारखा आहे. सामुदायिक कायदेभंग होणार नव्हता. एकेक व्यक्ती, गांधीजींनी पारखून घेतलेली, आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर पुढे येणार होती. तिची अहिंसेवर निष्ठा असावी, ती नित्य सूत कातणारी असावी, अस्पृश्यता तिने मनातून व आचरणातून काढून टाकलेली असावी. आपण कोठे, केव्हा व काय बोलणार याची इत्तिला तिने जिल्ह्याच्या अंमलदारास आगाऊ द्यावी. मिरवणुका काढू नयेत, गर्दी जमवू नये, इंग्रजांविषयी द्वेष पसरवू नये. अटक झाल्यास बचाव करू नये, जामीन मागू नये. बोलावयाचे तेही मोजके: माणसे वा पैसा देऊन या युद्धास मदत करणे अयोग्य आहे, आणि सर्वच युद्धांचा अहिंसेने प्रतिकार करणे हाच एक योग्य मार्ग आहे. एवढ्या एका वाक्याच्या उच्चारासाठी सारा लढा होता. पुढे नाताळ आला तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांना आपला सण निर्वेधपणे साजरा करता यावा म्हणून २४ डिसेंबरपासून ४ जानेवारीपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. प्रतिपक्षाच्या सणाची अशी आठवण ठेवणारा लढा विरळाच.

११ ऑक्टोबरपासून वर्ध्यास कार्यकारिणीची बैठक भरली आणि तेथे गांधीजींनी आपली योजना मांडली. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी ज्याचे नाव घेतले ते ऐकून देशातील बहुसंख्य सुशिक्षितांना हा गृहस्थ कोण, असा प्रश्न पडला. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि तेव्हापासून पायखाने साफ करण्यापासून स्वयंपाकापर्यंत आश्रमातील सर्व कामे त्यांनी केली. संस्कृताचे ते व्यासंगी पंडित. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले. कातण्याची कला त्यांनी शास्त्राच्या पदवीस पोचविली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सांगितलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून ठेवली होती. परंतु राजकारणाच्या व्यासपीठावर ते कधी वावरले नव्हते, आणि गांधीजींना नेमका असाच माणूस हवा होता. ज्याचा युद्धविरोध राजकीय डावपेचातून आलेला नाही, राज्य मिळाले तरी जो शस्त्र उचलणार नाही, ज्याचे बोलणे त्याच्या जगण्यातून उगवले आहे, अशाच माणसाच्या मुखी हे वाक्य शोभणार होते.

विनोबा १९३८ पासून पवनारला राहत होते. प्रकृती अत्यंत खालावली असताना ते या गावी आले आणि धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी साऱ्या चिंतांचा संन्यास मनाने उच्चारला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. नदीकाठच्या टेकाडावरील जमनालालजींच्या बंगल्यात त्यांचे वास्तव्य होते. वाचन, कातणे, खोदकाम आणि गावकऱ्यांशी बोलणे असा त्यांचा दिनक्रम असे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी, कोजागरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असताना आणि वर्धेच्या काळ्या रानांत कापसाची बोंडे उकलू लागली असताना, या गावात त्यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. श्रोते होते ते पवनारचे शेतकरी व मजूर. युरोपातील रणांगणापासून सहस्रावधी कोसांवर असलेल्या या माणसांपुढे विनोबांनी युद्धाचा प्रश्न मांडला, आणि त्या रणांगणावर सांडणाऱ्या रक्ताशी आपला संबंध काय, आपल्या घरचा पैसा आणि आपल्या घरचा पोरगा तेथे का जावा, याचा विचार करण्यास सांगितले. पोलिसांनी त्यांना त्या दिवशी पकडले नाही. मग ते सुरगाव, सेलू, देवळी असे गावोगाव बोलत फिरले.

सरकारने त्यांच्या देहास हात लावण्यापूर्वी त्यांच्या शब्दास हात लावला. ‘हरिजन’ साप्ताहिक त्या काळी पुण्याहून निघत असे व महादेवभाई देसाई त्याचे संपादक होते. विनोबांचे भाषण होऊन एक दिवस उलटतो न उलटतो तोच महादेवभाईंना सरकारकडून ताकीद पोचली: विनोबांच्या सत्याग्रहास कारणीभूत झालेल्या घटनांचा वृत्तान्त, त्यांची भाषणे, किंवा पुढे जे काही घडेल त्याची वार्ता, दिल्लीच्या मुख्य वृत्त-सल्लागाराकडे आधी पाठविल्यावाचून छापू नये, यातच तुमचे हित आहे, कारण त्यामुळे अडतिसाव्या नियमाखालील खटला टळेल. या पत्राची भाषा मोठी सभ्य आहे, आणि म्हणूनच ते लक्षपूर्वक वाचले पाहिजे. त्यात कोणासही शिक्षा नाही, मज्जावही नाही. केवळ एक सल्ला आहे, आणि त्या सल्ल्याच्या मागे पाच वर्षांची कैद उभी आहे. स्वातंत्र्याचा संकोच पुष्कळदा असाच होतो. हुकमाचे कठोर रूप क्वचितच पुढे येते. हितोपदेशाच्या वेषात ते येते आणि माणूस आपणहून गप्प बसतो. गांधीजींनी तो हितोपदेश स्वीकारला नाही. परवानगी घेऊन सत्य छापण्यापेक्षा न छापणे त्यांनी पसंत केले. ‘हरिजन’, ‘हरिजनबंधू’ आणि ‘हरिजनसेवक’ ही तिन्ही पत्रे स्थगित केली आणि लोकांना सांगितले की, आता प्रत्येकाने स्वतःच चालतेबोलते वर्तमानपत्र होऊन खरी बातमी मुखोमुखी पोचवावी. ही पत्रे पुन्हा निघाली ती १९४२ च्या जानेवारीत.

२१ ऑक्टोबर रोजी देवळी येथे विनोबांना अटक झाली व तीन महिन्यांच्या कैदेची शिक्षा देण्यात आली. दुसरे सत्याग्रही पंडित जवाहरलाल नेहरू. ते गांधीजींना भेटून वर्ध्याहून परत जात असता, दिवाळीच्या दिवसांत, ३१ ऑक्टोबर रोजी अलाहाबादजवळच्या छिवकी स्थानकावर त्यांना पकडण्यात आले. सत्याग्रहाची वेळ अद्याप आली नव्हती; खटला भरला तो आधी केलेल्या भाषणांबद्दल, आणि गोरखपूरच्या न्यायाधीशाने चार वर्षांची शिक्षा ठोठावली. विनोबांस तीन महिने आणि जवाहरलालजींस चार वर्षे, या तफावतीवरून कायद्याची तराजू शब्द तोलत होती की बोलणाऱ्याचे वजन, हे उघड होते. तिसरे सत्याग्रही सेवाग्राम आश्रमातील ब्रह्मदत्त. नोव्हेंबरच्या मध्यापासून कार्यकारिणीचे व कायदेमंडळांचे सभासद पुढे आले, नव्या वर्षारंभापासून तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्ते; जमनालाल बजाजही नागपूरच्या तुरुंगात गेले. सन १९४१ च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून अधिक माणसांना या एका वाक्याबद्दल शिक्षा झाल्या होत्या. विनोबा सुटत, पुन्हा तेच बोलत आणि पुन्हा आत जात. पहिल्यांदा तीन महिने, नंतर सहा महिने, नंतर एक वर्ष.

या सत्याग्रहावर त्या काळी कडक टीका झाली, आणि ती टीका करणारे काही सामान्य बुद्धीचे लोक नव्हते. लंडनवर रात्रंदिवस बाँब पडत असता आणि हिटलरच्या सत्तेखाली राष्ट्रामागून राष्ट्र चिरडले जात असता, युद्धास साहाय्य करू नका असे सांगणे म्हणजे अत्याचाऱ्याचे हात बळकट करणे होय, असे मानवेंद्रनाथ रॉय यांचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना नाझीवादाचा विजय ही मानवजातीवरील आपत्ती वाटत होती. ते १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण मंडळात व पुढील वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. सावरकरांनी तरुणांना लष्करात शिरण्याचा उपदेश चालविला होता. दुसऱ्या बाजूने, सुभाषचंद्र बोस यांच्यासारख्यांना हा एकेकट्याचा, मोजूनमापून चाललेला लढा अगदीच मवाळ वाटत होता. युद्ध संपेपर्यंत सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे सैन्यात दाखल झाली, म्हणजे विनोबांचे वाक्य देशाने बहुमताने मानले असेही म्हणता येत नाही. आज, छळछावण्यांची हकीकत जगास कळल्यानंतर, त्या युद्धात हिटलरचा पराभव होणे अत्यावश्यक होते यात शंका घेण्यास जागा उरलेली नाही.

परंतु हे सारे मान्य केल्यावरही मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. विनोबांचे मत बरोबर होते की चूक, हा एक प्रश्न. ते मत बोलून दाखविण्याचा त्यांना अधिकार होता की नाही, हा दुसरा. आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यावर अवलंबून ठेवले की स्वातंत्र्य नावाची वस्तू शिल्लकच राहत नाही. बरोबर मत बोलण्याची मुभा तर प्रत्येक जुलमी सत्ता देतच असते. कोणते मत बरोबर हे तीच ठरवीत असते एवढेच. शिवाय रॉय व आंबेडकर यांना आपले मत ज्या मोकळेपणाने मांडता आले त्याच मोकळेपणाने विनोबांना मांडता आले असते, तर दोन्ही मते लोकांपुढे राहिली असती आणि निवाडा लोकांनी केला असता. पवनारच्या शेतकऱ्यास युद्धाची बाजू सांगणारा सरकारी अंमलदार गावात येऊ शकत होता, भरतीचा अधिकारी येऊ शकत होता, युद्धनिधीचा वसूलदार येऊ शकत होता; त्यांना उत्तर देणारा तेवढा तुरुंगात होता.

तुरुंगातला विनोबांचा काळ वाया गेला नाही. स्वराज्य मिळाल्यानंतर राज्यव्यवस्था कशी असावी याचा विचार करणारे ‘स्वराज्यशास्त्र’ हे छोटेखानी पुस्तक नागपूरच्या तुरुंगात सिद्ध झाले. बंदिवान माणसाने राज्याच्या सत्तेची तात्त्विक चिकित्सा त्या राज्याच्याच तुरुंगात बसून करावी आणि ती करताना मनात कडवटपणा येऊ देऊ नये, ही गोष्ट लहान नव्हे. १९४१ च्या डिसेंबरात सरकारने सत्याग्रहींची मुक्तता केली. त्याच आठवड्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, युद्ध हिंदुस्थानच्या पूर्वेकडील दाराशी आले आणि वैयक्तिक सत्याग्रहाचे पर्व संपले.

त्यानंतर काय झाले तेही याच जिल्ह्याने पाहिले. १४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने ‘चले जाव’चा ठराव मंजूर केला तो वर्ध्यास. ९ ऑगस्टला पुढाऱ्यांची सरसकट धरपकड झाली, आणि १६ ऑगस्ट रोजी याच जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार होऊन रक्त सांडले. गावकरी मेले आणि पोलीसही मेले. विनोबांच्या एका वाक्याला वाट करून दिली असती तर आष्टीचा अनर्थ टळला असता, असे म्हणणे फार होईल. १९४२ ची कारणे अनेक होती. परंतु ज्या राज्यात शांतपणे, सूचना देऊन, बचाव न करता बोललेले वाक्यही गुन्हा ठरते, तेथे लोकांच्या क्षोभास सनदशीर मार्ग उरत नाही, एवढे तरी आष्टीच्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

न्यायालयांतही याच काळात हा प्रश्न झगडत होता. १९४२ मध्ये निहारेंदु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांनी निर्णय दिला की, सरकारवरील कठोर टीका हा राजद्रोह नव्हे. सार्वजनिक शांततेचा भंग व्हावा असा उद्देश वा तसा रास्त संभव त्या शब्दांत असला पाहिजे. पुढील वर्षी मुंबई इलाख्यातील केशव तळपदे यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सव्विसावा नियमच कायद्याच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. पण सरकारने त्यानंतर तडकाफडकी वटहुकूम काढून निकालाने दाखविलेले छिद्र बुजवून टाकले. १९४७ च्या आरंभी, स्वातंत्र्य अवघे सहा महिन्यांवर आले असता, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात ग्वायर यांचा उदार अर्थ अमान्य केला. तेव्हा साम्राज्य अस्तास गेले, पण त्याच्या कायद्याचा संकुचित अर्थ नव्या राज्यास वारसा म्हणून मिळाला.

त्या वारशाचे काय करावयाचे हे आता आपल्या हाती होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य हा मूलभूत हक्क केला. वर्ष दीड वर्षातच, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने, त्यावर निर्बंध घालण्याची कारणे वाढविण्यात आली, परंतु त्याच दुरुस्तीने ते निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अट घातली, आणि वाजवी काय ते ठरविण्याचे काम न्यायालयाकडे आले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलचा अर्थ सोडून ग्वायर यांचा अर्थ उचलला. हिंसेस वा अशांततेस चिथावणी नसेल तर सरकारवरील टीका गुन्हा नव्हे, हे तत्त्व अखेर मान्य झाले. विनोबांचे पवनारचे भाषण या कसोटीवर घासून पाहिले तर त्यात अपराधाचा लवलेश सापडला नसता.

तथापि चांगले तत्त्व निकालपत्रात असणे आणि ते अंमलदाराच्या मनात असणे यांत अंतर असते. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. त्या काळात विनोबांनी उच्चारलेले ‘अनुशासनपर्व’ हे शब्द सरकारने आपल्या समर्थनार्थ देशभर फलकांवर झळकविले. त्यांना अभिप्रेत असलेले अनुशासन आचार्यांचे होते, शासनाचे नव्हे, असा खुलासा त्यांच्या बाजूने केला गेला, पण या शब्दांनी अनेक सत्याग्रहींची मने दुखावली हे नाकारता येत नाही. आणि मग १९७६ च्या जूनमध्ये, गोहत्याबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपवास करण्याचा विनोबांचा संकल्प पवनारच्या ‘मैत्री’ मासिकात छापला गेला, तेव्हा पोलिसांनी आश्रमावर छापा घालून त्या अंकाच्या प्रती जप्त केल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी, आणीबाणीत स्थानबद्ध माणसास आपल्या मुक्ततेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येत नाही, असा निर्णय दिला होता. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध मताचे होते. छत्तीस वर्षांपूर्वी पवनारचा शब्द परक्या सरकारने अडविला होता; आता तो लोकांनी निवडलेल्या सरकारने अडविला. मधल्या काळात राज्य बदलले, झेंडा बदलला, संविधान आले. शब्दास घाबरण्याची सत्तेची प्रकृती मात्र बदलली नव्हती.

म्हणून वर्धेच्या या इतिहासाचा बोध एकट्या इंग्रजी अमलापुरता नाही. स्वातंत्र्यास मर्यादा असतात आणि असल्याच पाहिजेत, हे विनोबा व गांधीजी यांच्याइतके कोणी जाणले नव्हते. छावणीपाशी न जाणे, गर्दी न जमविणे, द्वेष न पसरविणे, प्रतिपक्षाचा सण न बिघडविणे, या मर्यादा त्यांनी कोणाच्या धाकाने पाळल्या नाहीत. बोलणाऱ्याने आपल्या शब्दाच्या परिणामाची जबाबदारी स्वतः उचलली, तो खोटे बोलला नाही, चिथावणी दिली नाही आणि शिक्षेपासून पळाला नाही, तर कायद्याच्या हाती त्याच्याविरुद्ध एकच आरोप उरतो, आणि तो म्हणजे त्याचे मत सत्तेच्या मताहून वेगळे आहे. असा आरोप ज्या क्षणी उघडा पडतो त्या क्षणी त्या कायद्याची नैतिक प्रतिष्ठा संपते. वीस हजार सत्याग्रहींनी तुरुंगात जाऊन साधले ते हेच.

यातून नागरिकास एक कर्तव्य प्राप्त होते आणि राज्यास दुसरे. नागरिकाने आपल्या स्वातंत्र्यास आपल्या विवेकाची हद्द आधी घालावी. जो जिभेस मोकळे सोडतो आणि परिणाम दुसऱ्यांवर ढकलतो, तो दडपशाहीच्या हाती आयते निमित्त देतो. राज्याने आपल्या कायद्याचा हात इजा करणाऱ्या कृतीवर आणि तशा कृतीस प्रत्यक्ष चिथावणी देणाऱ्या शब्दावर पडू द्यावा, त्यापलीकडे जाऊ देऊ नये. आणि संकटकाळाच्या नावाखाली त्यापलीकडे जाण्याचा मोह झाला तर तो रोखण्याची ताकद न्यायालयांत, वृत्तपत्रांत आणि मतदारांत असावी. एकट्या माणसाचे, बहुमताविरुद्ध आणि कदाचित चुकीचेही असलेले, परंतु प्रामाणिक वाक्य जे राज्य ऐकून घेऊ शकते, तेच आपल्या कायद्याचे पालन धाकाऐवजी आदराने करवून घेऊ शकते. हा आदर कोणत्याही संरक्षण नियमाने निर्माण होत नाही. तो प्रजेला बोलू देऊनच मिळवावा लागतो.